मिठाची हाक

पालोमानं हनुवटी तारेवर टेकवली होती आणि ती आत बघत होती. आत म्हणजे ओढ्याच्या घळीत. तिथं झाडांच्या अंगावर शेवाळ लोंबत होतं आणि पानापानातून ओल झिरपत होती. बाहेर, तिच्या पायाखाली, गवताच्या नावानं नुसते खुंट उरले होते. पाऊस लागायची वेळ झाली होती, पण ऑक्टोबर अर्धा सरला तरी आभाळाचा काही विचार दिसत नव्हता.

"तिच्याकडं बगू नकोस," फिदेलिया मधाच्या पेट्यांपासून ओरडली. "बगितलंस की तुझं काळीज पातळ हुतंय."

"मी तार बगतूय," निकासियो म्हणाला.

"तार खालच्या अंगाला हाय. तू गाईच्या तोंडाकडं बगतूयस."

निकासियोनं मान फिरवली. तसंही त्याला एकाच डोळ्यानं दिसत होतं. दुसरा कालच माशीनं चावून बंद केला होता. पेट्या आल्यापासून माशा फिदेलियाच्या हातांवर, मानेवर, केसांत खुशाल हिंडायच्या, तिला कधी एक डंख नाही. आणि हा गडी कुंपणापलीकडून नुसता गेला तरी माशा आल्याच. तो म्हणायचा, पेट्या देणाऱ्यांनी माशांना आधीच माझं नाव सांगून ठेवलंय.

एस्कोंदिदा वस्तीत आजवर रानाला कुणी तार घातली नव्हती. मका काढला की ढोरं रानात सोडायची. पाऊस लागेपर्यंत ती घळीत चरायची, तिथंच प्यायची, तिथंच बसायची आणि तिथंच शेण टाकायची. ओढा पुढं खालच्या गावाच्या टाकीत पडतो हे वस्तीला ठाऊक होतं, पण खालच्या गावाचं खालच्या गावानं बघावं. मग निकासियोची लेक नेलिदा लग्न होऊन त्याच गावात गेली. तिला मुलगा झाला आणि त्याचं पोट काही केल्या थांबेना. गेल्या साली माहेरी येताना तिनं नळाच्या पाण्याची बाटली भरून आणली आणि आईच्या नाकाशी धरली.

"वास घे. वळखलंस? ही आपली पालोमा."

फिदेलियानं वास घेतला आणि ती दिवसभर कुणाशी बोलली नाही. घळ तिची होती, तिच्या बापाकडून आलेली. खालच्या गावानं पाण्याच्या बिलावर घरटी थोडं जास्तीचं लावून निधी केला होता. जो कुणी वर रान राखेल त्याला त्यातून तार आणि मधमाश्यांच्या पेट्या द्यायच्या. वस्तीतली माणसं म्हणायची, आज पेट्या देतील, उद्या जमीन नेतील. फिदेलिया एकटी खाली गेली आणि शब्द देऊन आली. पाऊस लागेपर्यंत घळीत एक खूर पडणार नाही. तिनं शब्द पाळला तर पुढच्या साली सगळ्या वस्तीला तार मिळणार होती. नाही पाळला तर तारही परत आणि पेट्याही परत.

शब्द दिला फिदेलियानं, आणि तो पेलत होता निकासियो. रोज पहाटे उठून तो पलीकडच्या डोंगरावर जायचा, कोयत्यानं फांद्या तोडायचा, मोळी पाठीवर घेऊन उतरायचा. दोरानं खांदे सोलून निघाले होते. भूक आणि थकवा मारणाऱ्या कोकाच्या पानांचा गोळा गालात धरून तो चालायचा, आणि मोळीखाली त्याचे नुसते पाय दिसायचे. एवढं करून फांद्या टाकल्या की बाकीची ढोरं खायची. पालोमा दोन घास घेऊन तारेपाशी परत. ती सगळ्या कळपाची म्होरकी. वासरू होती तेव्हापासून प्रत्येक कोरडा हंगाम तिनं घळीत काढला होता, आणि म्हातारपणी कुणी घराचं दार लावून घ्यावं तसं तिला झालं होतं. निकासियोला तिची लाज वाटायची. माणसानं गाईपासून तोंड लपवावं अशी पाळी त्याच्यावर आली होती.

त्यात सातुर्निनो. त्याचं घर वरच्या अंगाला. नेलिदाच्या बारशाला, म्हणजे पाद्र्यानं तिच्या डोक्यावर पाणी घातलं तेव्हा, तिला हातात धरायला सातुर्निनो उभा राहिला होता. त्या दिवसापासून दोघं एकमेकांचे कोंपाद्रे झाले आणि अरे-तुरेची सोय गेली. आता शिव्यासुद्धा अहो-जाहोनं द्याव्या लागत.

"काय कोंपाद्रे," मोळीखालचे पाय बघून सातुर्निनो बांधावरून म्हणायचा, "ही मोळी चालली व्हय? मला वाटलं तुमीच."

"तुमची गाढवीण माजावर हाय म्हनं, कोंपाद्रे. घरी जावा, वाट बगत आसंल."

"बायकूच्या माशांसाठी गडी झाला गाढव, आन् नाव माझ्या गाढविणीचं!"

पण तारेची आशा सातुर्निनोलाही होती. त्याचा मका दर साली ढोरं खायची. त्यामुळं तो हसायचा आणि जाताना तारेचा एखादा सैल खांब दगडानं ठोकूनही जायचा.

रविवारी खालच्या गावाच्या पाणी कमिटीची माणसं बघायला येणार होती. शनिवारी फिदेलियानं अंगण झाडलं, मग परत झाडलं. कोंबडी मारली. मका शिजत टाकला. चीज फडक्यात बांधून टांगलं. निकासियोनं तारेच्या कडेनं फिरून एकेक खांब हलवून बघितला. खांब हलत नव्हते. त्याला बरं वाटलं. शेवटी आपल्यालाच म्हणाला, उद्याचा दिवस गेला म्हंजी सुटलो.

कमिटीतून आली रोसाउरा. बरोबर एक न्हावी आणि पाइप जोडणारा एक माणूस, पण ते दोघं चढ चढून असे दमले होते की तोंडातून शब्द फुटेना. बोलायचं काम एकट्या रोसाउरावर आलं आणि ते तिला जड नव्हतं. बाजारात तिचा भाजीचा गाळा. आडवं अंग, दोन वेण्या, डोक्यावर टोपी.

"कोण आहे ती फिदेलिया? ये, मिठी मार. आमच्या गल्लीतली पोरं तुझ्या नावानं पाणी पितात, माहीत आहे? आणि हा नवरा? डोळ्याला काय झालं, तू मारलंस?"

"माशांनी," फिदेलिया म्हणाली.

"बरं झालं. मेहनत वाचली तुझी."

सगळे हसले. सातुर्निनोही आला होता, धुतलेला सदरा घालून. कोंबडीचं सूप झालं, मका आणि चीज झालं. निकासियोनं चिचेचा घडा आणला. पहिला घोट भुईवर ओतून पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, दिला, मग सगळ्यांनी घेतला. मक्याची ती चिचा फिदेलियाच्या हातची. गोड म्हणून माणूस पितो आणि उठायला गेला की कळतं. निकासियोनं दोन वाट्या घेतल्या. सातुर्निनोनं आग्रहानं तिसरी आणि चौथी पाजली.

मग सगळे घळीत उतरले. झऱ्याशी आल्यावर रोसाउरा खाली वाकली. पाणी दगडातून निघत होतं आणि तळाची वाळू कण अन् कण दिसत होती. तिनं ओंजळ भरली, प्याली, परत भरली.

"हे," ती म्हणाली, "हे आमच्या नळाला येतं?"

"आता येतंय," फिदेलिया म्हणाली. निकासियोनं बायकोकडं बघितलं. इतकी सुरेख ती त्याला कित्येक सालांत दिसली नव्हती. आपल्या सोललेल्या खांद्यांचं चीज झालं असं त्याला वाटलं आणि त्याची छाती भरून आली. छाती भरून आली आणि चिचाही डोक्यात गेली, तिथंच घात झाला.

झऱ्याशेजारी एक मोठा दगड होता, वरून डोणीसारखा कोरलेला. निकासियोच्या बापानं, फिदेलियाच्या बापाच्या परवानगीनं, तो छिन्नीनं कोरला होता. त्यात मीठ ठेवायचं आणि कळपाला हाक मारायची. प्रत्येक घराची हाक वेगळी. ढोरं रानात कुठंही असोत, हाक ओळखतात आणि येतात.

"हा दगड कसला?" न्हाव्याला आता कुठं बोलायला दम आला होता.

"मिठाचा," सातुर्निनो म्हणाला. "हितं हुबं ऱ्हाऊन आमचे कोंपाद्रे हाक मारायचे. दोन डोंगरांपल्याड ऐकू जायाची. आता काय, मोळ्या वाहून वाहून नरडं बसलं. गाई गेल्या तशी हाकबी गेली त्यांची."

"हाक?" रोसाउरा म्हणाली. "कशी असते?"

"कशाचं नरडं बसलंय!" निकासियो म्हणाला.

आणि तो दगडावर चढला. टोपी काढली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि बापाची हाक मारली. खालून उचललेली, मध्येच तुटणारी आणि मग उंच जाऊन लांबत राहणारी. डोंगरानं ती घेतली, पलीकडच्या डोंगराला दिली. न्हावी टाळ्या वाजवू लागला. रोसाउरानं गालाला हात लावला.

फिदेलियाचं तोंड मात्र पांढरं पडलं होतं.

"निकासियो," ती हळू म्हणाली, "हे काय केलंस?"

त्याला कळायच्या आत वरून पालोमा हंबरली. मग बाकीची हंबरली. मग तार वाजली, गिटारची तार तुटावी तशी, एकदा आणि परत एकदा. खांब मोडल्याचा आवाज आला. पुढच्या क्षणी झाडी फुटली आणि सगळा कळप घळीत कोसळत खाली आला. पुढं पालोमा, गळ्यात तुटकी तार घेऊन. मागं त्याची ढोरं, त्यांच्या मागं सातुर्निनोची ढोरं. दुसऱ्याच्या घरचं का होईना, मीठ ते मीठ. पाइपवाला झाडावर चढला. न्हावी त्याच्या पायाला लोंबकळला. रोसाउरा मागं सरली, घसरली आणि झऱ्यात बदकन बसली. तिच्या दोन्ही बाजूंनी गाई पाण्यात शिरल्या. वाळू ढवळली, चिखल वर आला, आणि एका कालवडीनं रोसाउराच्या डोळ्यांदेखत, तिनं जिथून ओंजळ भरली होती बरोबर तिथं, शेपूट वर केलं.

फिदेलियानं पाण्यात उतरून रोसाउराला हात दिला, उभं केलं, तिची टोपी चिखलातून काढून पिळली आणि तिच्या हातात ठेवली.

"हाक मारा की आता वरनं," सातुर्निनो पुटपुटला. "भाईर घ्या ढोरं."

निकासियो तुटलेल्या तारेतून बाहेर उंचवट्यावर गेला. हात तोंडाशी नेले. हाक येईना. त्यानं परत तोंड उघडलं, आणि निघाला तो नुसता घोगरा, लाजिरवाणा वारा. सातुर्निनोनं आपली हाक मारून बघितली. त्याची दोन ढोरं निघाली, बाकीच्यांनी कानसुद्धा हलवला नाही. निकासियो उंचवट्यावर मटकन बसला. आपल्यासारखा मूर्ख सगळ्या दरीत नाही हे त्याला पुरतं पटलं होतं.

तेव्हा फिदेलिया वर आली. त्याच्याकडं न बघता पुढं जाऊन उभी राहिली, ओल्या घागऱ्याला हात पुसले आणि तोंडाशी धरले.

वस्तीत कुठल्या बाईनं कधी मिठाची हाक मारली नव्हती. ती गड्यांची. पण हाक निघाली तीच. खालून उचललेली, मध्ये तुटणारी आणि उंच जाणारी. तुटायची तिथं बरोबर तुटली. घळीतली ढोरं पाण्यातून मान काढून थांबली, आणि एकेक करून वर यायला लागली. निकासियो तोंड उघडं टाकून बघत राहिला.

पालोमा तेवढी आली नाही. ती दगडापाशी होती. रिकामा दगड ती चाटत होती, डोणीच्या कडेकडेनं. तिला शिंगाला धरून निकासियोनं ओढत बाहेर आणलं तेव्हा ती वळून वळून मागं बघत होती.

जाताना रोसाउराच्या घागऱ्यातून पाणी गळत होतं.

"कमिटीला काय सांगायचं ते मी सांगेन," ती म्हणाली. "झालं तेच सांगेन. खोटं मी फक्त भाजीच्या बाबतीत बोलते."

त्या संध्याकाळी फिदेलियानं त्याला सूप वाढलं, मीठ पुढं ठेवलं, पण शब्द काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर निकासियोला बरं वाटलं असतं. ती पेट्यांपाशी जाऊन बसली आणि झाकणांवरून हात फिरवत राहिली. या घरात तिनं स्वतः मिळवलेलं असं काही पहिल्यांदाच आलं होतं. आता ते जाणार, आणि खाली नेलिदाच्या नळाला उद्या काय येणार हेही तिला ठाऊक होतं. निकासियोला जीव नकोसा झाला.

सकाळी त्यानं तार जोडली. खांब नवे केले. हाताला तारेनं दहा ठिकाणी फाडलं, पण ते काम त्याच्या ओळखीचं होतं. मग पहार आणि दोर घेऊन तो घळीत उतरला आणि बापाच्या दगडाभोवतीची माती उकरायला लागला. तार कितीही ओढली तरी उपयोग नाही, हे त्याला कालच कळलं होतं. पालोमाला घळ नको होती, तिला दगड हवा होता. आणि तो दगड आपण आतच ठेवला, कारण बापाची वस्तू हलवायचं आपल्या मनात आलं नाही.

दगड अर्ध्याहून जास्त जमिनीत होता. तो दिवस उकरण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दोर बांधून ओढला तर दोर तुटून निकासियो उताणा पडला. वर बांधावर कुणीतरी खाकरलं.

"काय कोंपाद्रे, झोपला व्हय?"

"जावा तुमी हितनं. चौथी वाटी कुनी पाजली?"

सातुर्निनो गेला. थोड्या वेळानं आला तो बैलांची जोडी आणि चामड्याचा दोर घेऊन. काही न बोलता त्यानं दोर दगडाला घातला. बोलायचं असलं तरी त्याला ते अहो-जाहोत बसवता येईना. बैल आत आणायचे नव्हते, म्हणून ते तारेबाहेर उभे राहिले आणि लांब दोरानं ओढू लागले. निकासियोनं खालून पहार लावली. दगड वीतभर सरकला की तो ओंडका बदलायचा. ओंडका बदलताना एकदा बाजूनं दुसरे हात आले आणि त्यांनी ओंडका बरोबर दगडाखाली सारला. फिदेलिया होती.

"डावीकडनं घे," ती म्हणाली. "बोट चेमटंल."

दोन दिवसांत तिचं हे पहिलं बोलणं. निकासियोनं ताबडतोब डावीकडनं घेतलं.

तिसऱ्या दिवशी दगड तारेच्या फाटकातून बाहेर निघाला. घराकडच्या खिंडीपर्यंतचा चढ उरला होता. पुढं बैल, मध्ये दगड, दगडामागं पहार घेऊन निकासियो, आणि त्याच्यामागं पालोमा, जिभेनं मधूनमधून दगड चाटत. अशी ती मिरवणूक चालली असताना खालच्या वळणावर ट्रक थांबला आणि रोसाउरा चढ चढून आली. या खेपेला एकटीच.

फिदेलियानं हातातला ओंडका खाली ठेवला. काय म्हणून आली आहे ते सगळ्यांना कळलं.

"तीन दिवस नळाला पिवळं पाणी आलं," रोसाउरा म्हणाली. "कमिटी भांडली. शेवटी ठरलं, पेट्या परत आणायच्या. मला पाठवलंय."

"न्या," फिदेलिया म्हणाली. "शब्द दिला हुता, मोडला. न्या." तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिनं ते पुसलंही नाही.

"तिचा शब्द न्हाई मोडला," निकासियो म्हणाला. त्याचा आवाज अजून घोगराच होता. "मी मोडला. न्यायचं तर माझं कायतरी न्या. ही पालोमा न्या."

आजवर पालोमाबद्दल त्यानं असं स्वप्नातही म्हटलं नसतं. फिदेलियानं चमकून त्याच्याकडं बघितलं.

रोसाउरा दगडाभोवती फिरली. जोडलेल्या तारेकडं बघितलं, निकासियोच्या फाटलेल्या हातांकडं बघितलं, दगड चाटणाऱ्या म्हातारीकडं बघितलं.

"हा तोच दगड? इथवर ओढला? आणि अजून कुठं न्यायचाय?"

"खिंडीत. घराच्या अंगाला."

रोसाउरानं टोपी काढून झुडपावर ठेवली, बाह्या सारल्या आणि दोर धरला.

"मग बघता काय माझ्या तोंडाकडं? ओढा की!"

ऊन कलताना दगड खिंडीत बसला. सगळे घामानं निथळत होते. पालोमानं दगडाला एक फेरी घातली आणि त्याच्याशेजारी पाय मुडपून बसली, जणू ही तिची नेहमीचीच जागा.

"मीठ घाला की त्यात," रोसाउरा म्हणाली.

"मीठ संपलंय," निकासियो म्हणाला.

रोसाउरानं कपाळावर हात मारला. "तार दिली, पेट्या दिल्या, आणि गाईला बाहेर ठेवायचं तर मीठ बाहेर लागतं हे कुणाच्याच टाळक्यात आलं नाही! पोरा-बाळांच्या पाण्याला निघाली कमिटी!" आणि ती ट्रकपर्यंत उतरली. येताना वाटेत बाजारासाठी घेतलेल्या मिठाच्या विटा फडक्यात बांधून, धापा टाकत परत आली आणि त्या दगडात ठेवल्या.

"पेट्यांचं काय?" फिदेलियानं विचारलं.

"न्यायच्याच होत्या. पण आले मी एकटी. माशा चावतात, उचलायला माणूस नाही. चढ हा असा." रोसाउरानं टोपी डोक्यावर घातली. "असं सांगेन. पावसाआधी मी परत येईन. तेव्हा एक खूर आत दिसला तर पेट्या मीच उचलीन, माशांसकट."

"तुमी तर म्हनला, खोटं फकस्त भाजीच्या बाबतीत," सातुर्निनो म्हणाला.

"गप रे. मध झाडावरच्या फुलांचाच असतो ना? मग भाजीच ती."

ती गेली. सातुर्निनो बैल घेऊन गेला. जाताना म्हणाला, "येतो कोंपाद्रे, माफी आसावी," आणि निकासियो म्हणाला, "बैलांना पानी दावा, कोंपाद्रे." झालं, मिटलं.

खिंडीत दोघंच राहिली. बाकीचा कळप पलीकडच्या उतारावर विखुरला होता.

"मार हाक," फिदेलिया म्हणाली.

"नरडं बसलंय. तूच मार."

तिनं मारली. ढोरांनी माना वर केल्या आणि तारेकडं न जाता ती सरळ खिंडीकडं चालायला लागली. निकासियो ऐकत होता. कुठं तुटते, कुठं चढते, सगळं बापाचं आणि त्याचं.

"कवा शिकलीस गं?" त्यानं विचारलं. "मी तर तुला कवाच शिकवली न्हाई."

"शिकायचं काय त्यात?" फिदेलिया ढोरं मोजत म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं संध्याकाळी तुझी हाक आली की मी चूल पेटवती. हाक आली म्हंजी तू निघालास. यायला वेळ झाला की मीच मनात मारून बगायची, तू मारतूस तशी."

मीठ चाटणाऱ्या पालोमाच्या पाठीवर हात ठेवून निकासियो उभा राहिला. मग फिदेलिया घराकडं निघाली, कारण चूल पेटवायची होती, आणि तोही तिच्या मागं निघाला.